'स्वर्गीय पित्या' घशात अडकतं तेव्हा

सलाम ताई,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही दिसेल. लहानपणापासून प्रार्थनेची सवय आहे. रोज सकाळी आठ-दहा मिनिटं बसता, पण तीच ती वाक्यं येतात आणि निम्मा वेळ मन ऑफिसात नाहीतर स्वयंपाकघरात असतं. वडिलांची दारू सुटावी म्हणून दोन वर्षं मागताय, काही फरक नाही. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलंत की 'हे स्वर्गीय पित्या' म्हणताना शब्द घशात अडकतात. तर प्रार्थना अर्थपूर्ण कशी करावी?

मी ३४ वर्षं मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक होतो. निम्मी वर्षं नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत गेली, उरलेली सोलापूर आणि पुण्यात. प्रार्थना कोरडी पडली अशी तक्रार घेऊन खूप लोक आले, पण तुमच्यासारखी शेवटची ओळ फार थोड्यांनी सांगितली. उत्तर तिथूनच सुरू करतो. कारण मला विचाराल तर तुम्ही गेल्या दोन वर्षांत केलेली सगळ्यात खरी प्रार्थना ती ओळ आहे. फक्त ती तुम्ही देवाला न सांगता मला सांगितलीत.

आपल्या मंडळ्यांत प्रार्थनेची एक वेगळीच मराठी तयार झालेली आहे. 'हे दयाळू, कृपाळू, सर्वसमर्थ स्वर्गीय पित्या, या सुंदर दिवसाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो' इथं गाडी सुटते आणि 'येशूच्या नावाने मागतो म्हणून ऐक, आमेन' इथं थांबते. मधली स्टेशनंही ठरलेली. मी या भाषेची टिंगल करत नाही, तिच्यावरच वाढलोय. पण तिचा धोका मला एका अंत्यविधीला कळला. बावीस वर्षांचा मुलगा मोटरसायकलवरून गेलेला. मी डोळे मिटले, हात जोडले आणि तोंडातून निघालं, 'या सुंदर दिवसाबद्दल...' तिथंच थांबलो. डोळे उघडले तर त्याची आई माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. माझी कीव आल्यासारखी ती बघत होती. त्या दिवसापासून मी प्रार्थनेचं पहिलं वाक्य बोलण्याआधी थोडं थांबतो. आज खरंच काय आहे माझ्याकडे? आभार आहेत, की भीती आहे, की काहीच नाही?

आता 'पित्या' या शब्दाबद्दल. माझ्या वडिलांना मी त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत 'तुम्ही' म्हणत आलो. आईला 'तू'. आमच्या पिढीत बहुतेक घरांत असंच होतं. आणि तरी प्रार्थनेत आपण म्हणतो, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो.' पाळकाला 'तुम्ही', साहेबाला 'आपण', आणि देवाला 'तू'. मराठीत 'तू' आपण आईला म्हणतो, जिवलग मैत्रिणीला म्हणतो, आणि देवाला. म्हणजे शब्द पित्याचा असला तरी सर्वनाम आईचं आहे. हे कुणी मुद्दाम बसून ठरवलं नसेल, पण मला त्याचा फार आधार वाटतो.

येशू स्वतः 'अब्बा' म्हणत असे. मार्कच्या शुभवर्तमानात, १४ व्या अध्यायात, गेथशेमाने बागेतल्या प्रार्थनेत हा अरामी शब्द तसाच ठेवलेला आहे. काही प्रचारक सांगतात की अब्बा म्हणजे 'पप्पा'. ते तितकंसं बरोबर नाही, मोठी झालेली मुलंही तो शब्द वापरत. पण घरातला शब्द होता हे खरं. तुमच्या घरात त्या शब्दाला वेगळा वास चिकटलाय, रात्री उशिरा दार वाजण्याचा. मग तो काही दिवस बाजूला ठेवा. 'प्रभू' म्हणा, नुसतं 'देवा' म्हणा. यात पाप नाही. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांमध्ये देवाला थेट 'पिता' अशी हाक फार क्वचित सापडते, आणि तरी ती आपल्या शास्त्रातलीच प्रार्थना आहे. यशयाच्या ६६ व्या अध्यायात तर देव म्हणतो की आई जशी आपल्या लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. विठाई माउलीच्या मुलखात हे वेगळं समजवायची गरज नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनीही ख्रिस्ताला माउली म्हटलंच की.

शब्द बाजूला ठेवताना मात्र ते देवाला सांगून ठेवा. 'तुला बाप म्हणायला मला जमत नाहीये, कारण माझा बाप असा आहे.' एवढंच. सुरुवात याच्यापेक्षा चांगली मी सुचवू शकत नाही.

पुढे काय बोलायचं? स्वतःचे शब्द संपलेत, तर उसने घ्या. त्यासाठीच स्तोत्रसंहिता आहे. आपण तिच्यातली चारपाचच स्तोत्रं वापरतो. २३ वं पाठ असतं, १२१ वं प्रवासाला निघताना, ९१ वं आजारपणात, १०३ वं वाढदिवसाला. बाकीची वाचली तर माणूस दचकतो. तिथं भांडण आहे, शिव्याशाप आहेत, 'तू झोपलास का' असं देवाला विचारणं आहे. ८८ वं स्तोत्र काढा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. ज्यांनी हा संग्रह केला त्यांना ते गाळता आलं असतं, निदान शेवटी एक गोड ओळ जोडता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं ते २२ व्या स्तोत्राचं पहिलं वचन, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' मरताना त्यानंही उसनेच शब्द घेतले.

कसं करायचं ते सांगतो. रोज एक स्तोत्र, मोठ्याने. मनात नाही, ओठांनी, शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात. मनातल्या मनात वाचताना डोळे पुढे पळतात, तोंडाला तेवढी घाई नसते. जिथं एखादी ओळ अडेल तिथं थांबायचं. अडेल म्हणजे, 'अरे, हे माझंच आहे' किंवा 'हे मला अजिबात पटत नाही', दोन्ही चालतं. ती ओळ तीनचारदा म्हणायची, मग तिच्यात आपली माणसं घालायची. उरलेलं स्तोत्र राहिलं तरी हरकत नाही. ही काही माझी युक्ती नव्हे. बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या एका मठवासीयाने या वाटेच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत: वाचणं, चघळणं, मागणं आणि मग नुसतं समोर बसणं. आपल्या काही वडीलमंडळींना असलं सगळं 'कॅथलिक' वाटतं आणि ते नाक मुरडतात. मुरडू द्या. गाय काय करते ते त्यांनी पाहिलंय. रवंथ कुणा एका पंथाचा नाही.

भाषांतर कुठलंही घ्या, पण तुम्हाला बोलताना जीभ अडखळणार नाही असं घ्या. पंडिता रमाबाईंनी केडगावात आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणण्यात घालवली, तेही साध्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत. १९२२ साली त्या गेल्या, त्याआधी काम पुरं केलं. संस्कृतवर एवढं प्रभुत्व असलेल्या बाईने सोप्या शब्दांसाठी इतका जीव का टाकला, याचा विचार मी त्या अंत्यविधीनंतर बऱ्याचदा केला.

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेचंही असंच आहे. रविवारी ती आपण अर्ध्या मिनिटात संपवतो. एका आठवड्यात एकच तुकडा घेऊन बघा. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' इथं 'रोजची' या जागी मुळात जो ग्रीक शब्द आहे तो नव्या करारात या प्रार्थनेबाहेर कुठेच येत नाही, त्यामुळे त्याचा अर्थ आजची भाकर, उद्याची भाकर की गरजेपुरती भाकर यावर विद्वान अजून वाद घालतात. मला तिन्ही चालतात. पण 'भाकर' हा शब्द ज्यांनी घातला त्यांचे मी आभार मानतो. तसंच 'आमची ऋणे आम्हांला सोड' यातलं 'ऋण'. मत्तयात 'पापे' नाही, 'ऋणे' आहे. नगरकडच्या ऊसतोड कुटुंबांना ते कधी फोडून सांगावं लागलं नाही. मुकादमाची उचल अंगावर असणं म्हणजे काय, आणि कुणी ती सोडली तर काय वाटेल, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आणखी एक, या प्रार्थनेत 'मी' एकदाही नाही. सगळं 'आम्ही', 'आम्हांला'. 'आम्हांला वाइटापासून सोडव' म्हणताना तुमचे वडील त्या 'आम्हां'त आपोआप येतात. त्यांचं नाव काढवत नसेल त्या दिवशी एवढं पुरे.

मन भटकतं त्याचं काय, असं विचारलंत. भटकणार. मी अजून भटकतो. शेजारी एक कागद ठेवा. 'गॅस बुक करायचा' आठवलं की लिहा आणि परत या. लिहिलं की ते डोक्यात घिरट्या घालत नाही. पण एखादी गोष्ट कागदावर उतरवूनही परत परत येत असेल, बॉसचं बोलणं, मुलाची फी, तर ती भटकंती नव्हे, तोच त्या दिवसाचा प्रार्थनेचा विषय. आपण ठरवलेले थोर विषय बाजूला सारून तिच्याबद्दलच बोला. फोन मात्र दुसऱ्या खोलीत. फोनवर बायबल आहे हे मला सांगू नका. त्याच फोनवर बाकीचं काय काय आहे तेही मला माहीत आहे.

दुसरी खोली नसेल तर? येशू म्हणाला, खोलीत जा आणि दार लाव. तिथला ग्रीक शब्द कोठीच्या खोलीचा आहे, धान्य-सामान ठेवायची जागा. लूकच्या १२ व्या अध्यायात कावळ्यांना जी 'कोठी' नाही म्हटलंय, तोच शब्द. म्हणजे देवघर वगैरे नाही, पोत्यांमधली अडचणीची जागा. एका खोलीच्या संसारात राहिलेल्या बायका पदर डोक्यावरून पुढे ओढून घेत, आणि घरातल्या पोरांना कळे की आता आईला हाक मारायची नाही. पदर हेच दार. तुम्ही बसस्टॉपवर, लोकलमध्ये, बाथरूममध्ये, जिथं जमेल तिथं आपलं दार शोधा, पण रोज तेच. जागा ठरली की अर्धं काम शरीरच करतं.

आणि दिवसभरासाठी एक ओळ. लूकच्या १८ व्या अध्यायातला जकातदार छाती बडवून म्हणतो, 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.' पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी याच वळणाची एक ओळ शतकानुशतकं श्वासाबरोबर म्हटली. 'प्रभू येशू', श्वास आत. 'माझ्यावर दया कर', श्वास बाहेर. पुण्यात एका भल्या गृहस्थांनी मला विचारलं, पाळकसाहेब, हा नामजपच झाला की, आणि प्रभूनं तर निरर्थक बडबड करू नका असं सांगितलंय. मी त्यांना मत्तय २६:४४ उघडायला लावलं. गेथशेमानेत येशूने तिसऱ्यांदा जाऊन पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. मनाई निरर्थक बडबडीला आहे, पुन्हा पुन्हा म्हणण्याला नाही. आजारी लेकराच्या उशाशी बसलेली आई तेच ते दहा वेळा म्हणते, तिला कुणी बडबड म्हणत नाही.

आता वडील. इथं मी जपून लिहितो.

दोन वर्षांत फरक पडला नाही याचा अर्थ तुमचा विश्वास कमी पडला, असं कुणी सांगितलं असेल तर त्याचं ऐकू नका, तो कितीही मोठ्या स्टेजवरून बोलत असला तरी. प्रेषित पौलानं अंगातला काटा काढावा म्हणून तीनदा मागितलं, काटा निघाला नाही. त्याला मिळालं ते 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे उत्तर. आता पौलाच्या विश्वासाचं माप काढायला कोण धजेल? पण दुसऱ्या बाजूनंही सांगतो. 'देवाच्या हाती सोपवलंय' म्हणून हात बांधून बसणं हेही मी पुष्कळ ख्रिस्ती घरांत पाहिलंय. दारूचं व्यसन हा आजार आहे. मधुमेहासाठी आपण प्रार्थना करतो आणि गोळीही घेतो. तुम्ही पुण्यात असाल तर मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठी बैठका भरतात, आणि ज्यांच्या घरात पिणारं माणूस आहे त्यांच्यासाठी अल-ॲनॉनच्या वेगळ्या. वडील जायला तयार नसले तरी तुम्ही जाऊ शकता. मी एका बहिणीला तिथं पाठवलं होतं. परत येऊन ती म्हणाली, 'तिथं लोक खरं बोलतात, पाळकसाहेब, आपल्या प्रार्थनासभेसारखं नाही.' मला लागलं ते, पण खोटं नव्हतं.

त्यामुळे मागणं बदलून बघा. 'त्यांची दारू सुटू दे' हे मागत राहा, सोडू नका. पण त्याच्या जोडीला छोटं, आजचं, दिसेल असं काहीतरी मागा. आज रात्री मला त्यांच्याशी ओरडून बोलावं लागू नये. आज आईला नीट झोप लागावी. त्या केंद्राला फोन करायचं धैर्य उद्या दुपारच्या सुट्टीत मला मिळावं. मोठं मागणं देवाकडे जातं आणि आपल्याला रिकामं सोडतं. लहान मागणं आपल्यालाही कामाला लावतं.

दुसऱ्यांसाठी मागायचं मी कुणाकडून शिकलो ते सांगायचं राहिलं. मी लहान असताना ज्या बोर्डिंगात होतो तिथं एक स्वयंपाकीणबाई होत्या, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. साठ पोरं. चुलीपुढे बसून ज्वारीच्या भाकरी. पीठ मळताना गप्प, पण गोळा हातावर घेतला की ओठ हलायचे. एकदा मी लाकडं टाकायला गेलो तेव्हा ऐकलं. एका भाकरीला एक नाव. नाव घेत थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, उलटायची, आणि विस्तवाकडे सरकवताना 'सांभाळ रे प्रभू' म्हणून पुढचा गोळा. ज्या दिवशी एखादी भाकर फुगली नाही, त्या दिवशी जेवताना त्या पोराला विचारणार, 'काय रे, बरं नाही का?' आम्हाला हसू यायचं. नंतर मी शिकलो, पदवी घेतली, मध्यस्थीच्या प्रार्थनेवर व्याख्यानं दिली. पण त्या कृतीत काय होतं हे सांगायला अजून जमलेलं नाही. एक नाव, एक भाकर, हातात गरम पीठ. तुम्ही पोळ्या करत असाल, इस्त्री करत असाल, जिना चढत असाल, तर तिथंच नावं घ्या. व्हॉट्सॲपवर कुणाची प्रार्थनेची विनंती आली तर हात जोडलेलं चित्र पाठवण्याआधी फोन खाली ठेवा आणि ते नाव एकदा तोंडाने घ्या. मग हवं तर 'आमेन' लिहा.

रात्रीचं एवढंच, झोपण्याआधी पाच मिनिटं दिवस उलटा चाळायचा. जेझुइट संघाच्या इग्नेशियस लोयोलाने सोळाव्या शतकात ही सवय लावली, आणि वही-पेन काही लागत नाही. आज कुठं बरं वाटलं, त्याचे आभार. आज कुठं मी तोंड फिरवलं, त्याची क्षमा. उद्या काय जड वाटतंय, त्याच्यासाठी हात पुढे. झोप लागली मधेच तर लागू द्या.

लांबलचक ठराव करू नका. उद्या सकाळी १३ वं स्तोत्र काढा. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनांतच 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. ते मोठ्याने वाचा. चौथ्या 'कोठवर'ला थांबा आणि वडिलांचं नाव घ्या, मोठ्याने. रडू आलं तर येऊ द्या, काहीच आलं नाही तरी चालेल. आठ दिवस तेच स्तोत्र. पाचव्या-सहाव्या वचनात तो भरवसा आणि गाण्याबद्दल बोलतो. ती वचनं मनापासून म्हणता येत नसतील तर तेवढी सोडून द्या, कधीतरी म्हणाल. आणि दुपारच्या सुट्टीत तो फोन करा.

जय ख्रिस्त.